चार चौकटींतली शाळा पडद्यावर कशी आली? 'आझुमांगा दाइओ'ची घडण

'आझुमांगा दाइओ' ही जपानी विनोदी मालिका कशाविषयी आहे, असे कोणी विचारले तर एका वाक्यात उत्तर देणे अवघड जाते, कारण रूढ अर्थाने तिला कथानकच नाही. एका साध्या जपानी हायस्कूलमधल्या सहा मुली, त्यांचे तीन शिक्षक, एक भला मोठा पांढरा कुत्रा आणि हात पुढे केला की चावणारे एक करडे मांजर, एवढ्याच सामग्रीवर कियोहिको आझुमा यांनी १९९९ ते २००२ या काळात 'देंगेकी दाइओ' या मासिकातून ही चित्रमालिका सादर केली. तिचे चार खंड निघाले. मासिकातले शेवटचे प्रकरण वाचकांच्या हाती पडले त्याच सुमारास, एप्रिल २००२ मध्ये, तिच्यावर आधारलेली ॲनिमेशन दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये सुरू झाली. या मालिकेत खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, जिंकण्याची एखादी मोठी स्पर्धाही नाही. असे असूनही जपानी शालेय विनोदाने तिच्यानंतर वेगळे वळण घेतले, असे मी ठामपणे म्हणेन. तिचे यश घडणीत आहे, आणि ही घडण पानावरून पडद्यावर नेणे वाटते त्याहून कितीतरी कठीण काम होते.

सुरुवात चार चौकटींपासून केली पाहिजे. जपानी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत 'योनकोमा' नावाचा एक जुना, लोकप्रिय प्रकार आहे. त्यात सारख्या आकाराच्या चार चौकटी एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि तेवढ्यात एक विनोद पुरा होतो. मासिकाच्या पानावर अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, वाचन उजव्या पट्टीपासून सुरू होते आणि प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर तिचे छोटे शीर्षक असते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, माचिको हासेगावा यांनी सुरू केलेली 'साझाए-सान' ही कौटुंबिक मालिका याच साच्यातली होती. ती वर्तमानपत्रातून १९७४ पर्यंत चालली आणि १९६९ मध्ये सुरू झालेली तिची दूरचित्रवाणी आवृत्ती पुढे अनेक दशके चालत राहिली. आपल्या दिवाळी अंकांतल्या हास्यचित्राची सगळी भिस्त एका चौकटीवर असते; प्रसंग, माणसे आणि विनोद तिथे एकाच दृष्टिक्षेपात पोचावे लागतात. योनकोमाला तीन चौकटी जास्त मिळतात, आणि या जास्तीच्या जागेचा उपयोग तो मुख्यतः वेळ दाखवण्यासाठी करतो.

चार चौकटींची कामे परंपरेने ठरलेली आहेत. पहिलीत प्रसंग उभा राहतो, दुसरीत तो थोडा पुढे सरकतो, तिसरीत अनपेक्षित काहीतरी घडते आणि चौथीत त्याचा निकाल लागतो. ही चतुःसूत्री मुळात चिनी चार ओळींच्या कवितेच्या बांधणीतून आलेली आहे आणि जपानमध्ये निबंधलेखनापासून चित्रकथेपर्यंत अनेक ठिकाणी ती वापरली जाते. विनोदाच्या दृष्टीने यात महत्त्वाची असते ती तिसरी चौकट. कलाटणी तिथे येऊन जात असल्यामुळे चौथ्या चौकटीला विनोद सांगण्याचे काम उरत नाही. घडलेल्या गोष्टीकडे पात्रे कशी पाहतात, एवढेच ती दाखवू शकते.

आझुमा यांनी नेमका याच जागेचा फायदा घेतला. त्यांच्या पट्ट्यांमध्ये पुष्कळदा एखादी चौकट निःशब्द असते. कोणीतरी काहीतरी विचित्र बोलते, पुढच्या चौकटीत तीच माणसे त्याच जागी, त्याच कोनातून, गप्प उभी असतात आणि मग कोणीतरी विषय बदलते. त्या गप्प चौकटीत तसे पाहता काहीच घडत नाही, पण वाचकाची नजर तिच्यावर क्षणभर रेंगाळते आणि त्या क्षणात हसू येते. हसायचे कुठे याची खूण करणारी ओळ, घामाचा मोठा थेंब, मागे उमटलेल्या रेषा, पात्रांचे धाडकन कोसळणे ही जपानी विनोदी मांगाची, म्हणजे चित्रकथांची, नेहमीची साधने आझुमा काटकसरीने वापरतात. त्यांचा भर चेहऱ्यावर असतो, आणि तोही फारसा न बदललेल्या चेहऱ्यावर.

साकाकी या मुलीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. साकाकी उंच आहे, अबोल आहे, खेळात तरबेज आहे आणि वर्गाला ती रुबाबदार, थोडी धाक वाटावा अशी मुलगी वाटते. प्रत्यक्षात तिला गोंडस वस्तूंचे आणि विशेषतः मांजरांचे अनावर वेड आहे, आणि हे ती कोणाला सांगू शकत नाही. शाळेच्या वाटेवर कुंपणाच्या भिंतीवर ते करडे मांजर बसलेले असते. साकाकी थांबते. आजूबाजूला कोणी नाही ना, याचा अंदाज घेते. हात अगदी सावकाश पुढे नेते. मांजर निर्विकार चेहऱ्याने तिच्याकडे पाहत राहते आणि मग त्याचा जबडा त्याच्या डोक्याच्या मानाने अशक्य वाटेल इतका उघडून तिचा हात आत घेतो. हा प्रसंग मालिकेत पुन्हा पुन्हा येतो, वाचकाला काय होणार हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो दर वेळी वाचला जातो, कारण वाचकाचे लक्ष चावण्याकडे नसून हात पुढे नेण्याच्या त्या सावकाशीकडे असते. तिच्या आशेला तिथे जागा मिळालेली असते.

पात्रांची जुळवणीही एका जुन्या परंपरेवर उभी आहे. जपानमध्ये, विशेषतः ओसाका शहरात, 'मानझाई' नावाचा दोघांचा रंगमंचीय विनोद फार लोकप्रिय आहे. त्यातला एक खुळ्यासारखे काहीतरी बोलतो आणि दुसरा त्याला तत्काळ टोकतो. आझुमांगात तोमो ही उतावळी, बेफिकीर मुलगी पहिली भूमिका घेते आणि तिची लहानपणापासूनची मैत्रीण योमी दुसरी. ही जोडी वाचकाला ओळखीची वाटते. मग आझुमा वर्गात एक नवी मुलगी आणतात. आयुमू कासुगा ओसाकाहून आलेली आहे, तिकडच्या बोलीत बोलते आणि त्यामुळे तोमो तिचे नावच 'ओसाका' ठेवून टाकते. ओसाकाची माणसे बोलकी, हजरजबाबी, विनोदात पटाईत अशी जपानी वाचकाची समजूत असते. ही मुलगी मात्र कमालीची संथ आहे. वर्गात बसल्या बसल्या ती भलत्याच प्रश्नांच्या मागे लागते, तिचे उत्तर संभाषण संपून गेल्यावर येते आणि ते इतक्या मनापासून दिलेले असते की टोकायचे कसे हे कोणालाच सुचत नाही. मानझाईच्या राजधानीतून आलेल्या मुलीपुढे टोकणाराच निरुत्तर होतो, ही या मालिकेतली सर्वांत धाडसी कल्पना आहे असे मला वाटते. अमेरिकेत डबिंग झाले तेव्हा तिच्या बोलीसाठी तिथल्या दक्षिणेकडची हेलदार इंग्रजी वापरली गेली. संथपणा त्यात छान उतरला, शहराविषयीचा विनोद मात्र साहजिकच मागे राहिला.

उरलेल्या दोघींपैकी चियो दहा वर्षांची आहे. हुशारीमुळे मधल्या इयत्ता गाळून ती थेट हायस्कूलमध्ये आलेली आहे. अशा पात्राची एक सोपी वाट असते: सर्वज्ञ मुलगी सगळ्यांना गप्प करते. आझुमा ती वाट घेत नाहीत. चियोला अभ्यास येतो, स्वयंपाक येतो, पण धावण्यात ती मागे पडते आणि आपल्यामुळे वर्ग हरेल या विचाराने तिचा जीव लहान होतो. मोठ्या मुली तिची थट्टा करतात आणि तिला सांभाळूनही घेतात. कागुरा ही पोहणारी मुलगी दुसऱ्या वर्षी वर्गात येते. शिक्षकांमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या युकारी आहेत, ज्यांच्या गाडीतला एक प्रवास चियो कधी विसरू शकत नाही, आणि त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, व्यायाम शिकवणाऱ्या मिनामो कुरोसावा.

तिसरे शिक्षक किमुरा यांच्याविषयी स्पष्ट लिहायला हवे. ते अभिजात जपानी शिकवतात आणि शाळकरी मुली आवडतात म्हणून आपण शिक्षक झालो, असे भर वर्गात सांगतात. पुढे त्यांची पत्नी अत्यंत सालस निघते, ते स्वतः काही चांगली कामे करताना दिसतात, आणि या विसंगतीवर विनोद उभा केलेला आहे. त्या काळच्या जपानी विनोदात असे पात्र रूढ होते. असे असले तरी साकाकीवर जीव टाकणारी तिची वर्गमैत्रीण काओरिन तिसऱ्या वर्षी याच शिक्षकांच्या वर्गात जाते आणि तिची घुसमट हसण्यावारी नेली जाते, तेव्हा मालिकेची एरवीची माया तिथे आटलेली जाणवते. हा भाग मालिकेला कमीपणा आणतो. घरातल्या लहान मुलांना मालिका दाखवण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावे.

आता काळाकडे वळू. 'साझाए-सान'मधली मुले कधीच मोठी होत नाहीत. दर वर्षी उन्हाळा येतो, नवे वर्ष येते, पण इयत्ता तीच राहते. वर्तमानपत्री विनोदाला हेच सोयीचे असते. आझुमांगात मात्र घड्याळ चालू आहे. प्रकरणांची मांडणी महिन्यांनुसार आहे, आणि जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपत असल्यामुळे त्या महिन्यांसोबत ऋतू आणि शाळेतले ठरलेले प्रसंग आपोआप येतात: प्रवेशसमारंभ, उन्हाळी सुट्टी, शरद ऋतूतला क्रीडादिन, सांस्कृतिक महोत्सव, दुसऱ्या वर्षीची सहल, तिसऱ्या वर्षीच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षा आणि शेवटी शाळा पूर्ण झाल्याचे पदवीदान. मालिका मासिकातून येत होती, त्यामुळे तीन वर्षांहून अधिक काळ ती नियमित वाचणारा वाचक या मुलींसोबत जवळजवळ त्यांच्याच गतीने पुढे सरकत होता. पहिल्या वर्षी क्रीडादिनाचा विनोद वाचताना वाचक नुसता हसतो, पण तिसऱ्या वर्षीच्या क्रीडादिनाला हा शेवटचा, हे त्याला ठाऊक असते. आझुमा त्याबद्दल एकही भावुक वाक्य लिहीत नाहीत. महिन्याचे नाव पुरेसे होते.

हे सगळे दूरचित्रवाणीवर न्यायचे म्हणजे पहिली अडचण वेळेची. पानावरचा विनोद वाचकाच्या हातातल्या वेळेवर चालतो. निःशब्द चौकटीवर कोणी अर्धा सेकंद थांबेल, कोणी पाच सेकंद, कोणी मागे जाऊन पुन्हा पाहील. प्रत्येकाला आपल्या नजरेच्या वेगाने हसता येते. पडद्यावर हा निर्णय दिग्दर्शकाला सगळ्यांच्या वतीने घ्यावा लागतो. चार चौकटींची एक पट्टी वाचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती पूर्णही होते. पंचवीस मिनिटांच्या भागात अशा पट्ट्या एकापाठोपाठ एक जशाच्या तशा बसवल्या तर प्रेक्षकाला दर काही सेकंदांनी नवा धक्का बसतो आणि थोड्याच वेळात त्याला कशाचेच काही वाटेनासे होते. उलट त्या पट्ट्या जोडून एखादे सलग कथानक रचले तर मूळचा स्वभावच हरवतो.

या मालिकेची घाईने केलेली चाचणीही आधी झाली होती. डिसेंबर २००० मध्ये इंटरनेटसाठी एक छोटा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, काढण्यात आला आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात चित्रपटगृहांसाठी काही मिनिटांचा लघुपट आला. दूरचित्रवाणीसाठी काम जे. सी. स्टाफ या स्टुडिओकडे गेले, दिग्दर्शन हिरोशी निशिकिओरी यांनी केले आणि पटकथेची एकंदर आखणी इचिरो ओकोउची यांच्याकडे होती. त्यांनी मालिकेला पाच-पाच मिनिटांच्या १३० तुकड्यांत विभागले. सोमवार ते शुक्रवार रोज एक तुकडा दाखवायचा आणि आठवड्याअखेर ते पाच तुकडे एकत्र करून एक पूर्ण भाग दाखवायचा, अशी प्रक्षेपणाची योजना होती. ८ एप्रिलच्या आठवड्यापासून ३० सप्टेंबर २००२ च्या आठवड्यापर्यंत असे २६ पूर्ण भाग झाले, आणि आज आपण पाहतो ते हेच एकत्र केलेले भाग.

ही योजना निव्वळ प्रक्षेपणाची सोय म्हणून पाहू नये. पाच मिनिटे हे माप एका पट्टीपेक्षा पुष्कळ मोठे आणि एका भागापेक्षा पुष्कळ लहान आहे. त्यात एका विषयावरच्या पाच-सहा पट्ट्या ऐसपैस बसतात, प्रत्येक तुकड्याला स्वतःचे शीर्षक मिळते आणि तुकडा संपला की श्वास घ्यायला जागा मिळते. मूळ चित्रमालिकेत पट्टी, प्रकरण आणि महिना अशा तीन पातळ्या होत्या. पडद्यावर विनोद, तुकडा आणि भाग अशा तीन पातळ्या आल्या. मूळ शब्द फारसे न बदलता मूळची बांधणी इतक्या विचाराने पुन्हा उभारलेली माध्यमांतरे थोडी असतात.

त्यानंतर प्रश्न उरतो गप्प चौकटींचा. निशिकिओरी यांनी त्या गाळल्या नाहीत, उलट ताणल्या. पात्रे उभी आहेत, कोणी बोलत नाही, कॅमेरा हलत नाही, आणि हे अशा वेळेपर्यंत चालते की आपला टीव्ही अडकला की काय असे वाटावे. ॲनिमेच्या तंत्राची थोडी माहिती असेल तर यातली गंमत अधिक कळते. पडद्यावर दर सेकंदाला २४ चौकटी धावतात, पण दूरचित्रवाणीसाठीच्या जपानी ॲनिमेशनमध्ये खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपुरते ठेवण्याची पद्धत पूर्वापार आहे. एक स्थिर चित्र चार सेकंद ठेवणे हे अर्थातच सर्वांत स्वस्त. बहुतेक मालिकांत अशी स्थिर चित्रे पैशांची चणचण लपवण्यासाठी येतात आणि संवाद किंवा संगीत घालून ती झाकली जातात. इथे ती उघडी ठेवली आहेत, आणि नेमके कुठे तोडायचे यावर मेहनत घेतली आहे. चार सेकंदांऐवजी तीन ठेवले तर ते दृश्य नुसते संथ वाटले असते.

ओसाकाच्या उचकीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिला उचकी लागते आणि थांबतच नाही. जो तो आपापला उपाय सुचवतो, ती तो भाबडेपणाने करून पाहते. कागदावर उचकी म्हणजे फुग्यातले एक छोटे अक्षर, आणि ते डोळ्यांना आधीच दिसलेले असते. पडद्यावर मात्र पुढची उचकी कधी येणार हे कोणालाच ठाऊक नसते. उपाय झाला, सगळ्या मुली तिच्या तोंडाकडे पाहत आहेत, शांतता आहे, अजून शांतता आहे, आणि मग उचकी. पानाला जे जमणे शक्य नव्हते ते इथे दूरचित्रवाणीने मिळवले, आणि तेही मूळ विनोदात नवा शब्द न घालता. चियोच्या सुट्टीतल्या घरी युकारी बाईंना उठवायला ओसाका स्वयंपाकघरातून तवा-पळी आणायला जाते आणि सुरी घेऊन येते, तो प्रसंगही असाच. सुरी हातात, चेहऱ्यावर तेच अर्धवट झोपेतले भाव, आणि पलंगाजवळचा तो न संपणारा क्षण.

आवाजांची निवड हा याच कामाचा दुसरा भाग. चियोसाठी तोमोको कानेदा यांचा अतिशय बारीक, किणकिणता आवाज घेतला गेला, साकाकीसाठी यू आसाकावा यांचा खालच्या पट्टीतला, आणि ओसाकासाठी युकी मात्सुओका यांचा जणू झोपेतून येणारा. साकाकीच्या स्वप्नात चियोचे 'वडील' म्हणून एक गोलमटोल, मांजरासारखा प्राणी येतो, जो उपदेशपर आणि अनाकलनीय बोलतो. त्याला नोरियो वाकामोतो यांचा घनगंभीर आवाज दिल्यामुळे पुस्तकात केवळ चमत्कारिक वाटणारे हे पात्र पडद्यावर अविस्मरणीय झाले. नव्या वर्षाचे पहिले स्वप्न शुभाशुभ सांगते, त्यात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगे दिसणे भाग्याचे, अशी जपानमध्ये समजूत आहे. या मुलींना त्या रात्री भलतेच काही दिसते, ओसाकाला तर चियोच्या वेण्या डोक्यापासून सुट्या होताना दिसतात. असे प्रसंग पडद्यावर खुलतात.

संगीत मासाकी कुरिहारा यांचे आहे, आणि त्यात रेकॉर्डर या साध्या बासरीसारख्या वाद्याचा मोठा वाटा आहे. जपानी प्राथमिक शाळेत जवळजवळ प्रत्येक मूल हे वाद्य शिकते. त्यामुळे त्याचा थोडासा कच्चा, हवेशीर सूर कानावर पडताच जपानी प्रेक्षकाला वर्गखोली आठवते. मोठा वाद्यवृंद वापरला असता तर हे साधले नसते. दृश्य थांबते तेव्हा पुष्कळदा हे संगीतही थांबते, आणि म्हणून ती शांतता कानाला जाणवते.

पडद्याने काही गमावलेही. पट्ट्यांवरची शीर्षके पुस्तकात स्वतंत्र विनोद करतात. ती बहुतांशी गेली. पहिले दोन भाग मला गरजेपेक्षा संथ वाटतात, कारण तिथे पात्रांची ओळख अजून झालेली नसते आणि अनोळखी माणसाच्या गप्प चेहऱ्यावर प्रेक्षक फार वेळ थांबत नाही. ज्यांनी तिथेच मालिका सोडली असेल त्यांनी निदान पहिल्या क्रीडादिनापर्यंत थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि मग ओकिनावाची सहल. जपानच्या दक्षिण टोकाच्या या ओकिनावा प्रांतात, तैवानच्या जवळ, इरिओमोते नावाचे जंगलांनी भरलेले बेट आहे. त्या बेटावर एक रानमांजर राहते, जे जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही. विज्ञानाला त्याची ओळख १९६० च्या दशकात झाली आणि आज त्याची संख्या शंभराच्या आसपास असल्याचे मानले जाते. सहलीत साकाकीला या जातीचे एक पिल्लू भेटते. ती सवयीने हात पुढे करते, सवयीने दचकते, आणि ते पिल्लू चावत नाही. दीड-दोन वर्षे एकाच विनोदाची पुनरावृत्ती करत आलेल्या लेखकाने तो विनोद इथे पहिल्यांदा न घडवून दाखवला आहे. मुली परत जातात, पिल्लू बेटावर राहते. पुढे ते तिच्या शहरात अनपेक्षितपणे प्रकट होते, करड्या मांजरांच्या टोळीसमोर तिच्या बाजूने उभे राहते आणि साकाकी त्याला सांभाळते. वास्तवात एवढे मोठे अंतर कोणत्याही पिल्लाला पार करता येणार नाही, आणि अतिसंरक्षित प्राणी असा घरी आणताही येणार नाही. पण इथवर पोचलेल्या वाचकाला हा हिशेब मांडावासा वाटत नाही. एवढ्या वेळा चावून घेतलेल्या हाताला हे मिळायला हवे होते, असेच मनात येते. दूरचित्रवाणी मालिकेने हा धागा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आणि सहलीचा भाग घाई न करता मांडला, हे तिच्या कर्त्यांच्या समजूतदारपणाचे लक्षण आहे. याच सहलीत 'साता आंदागी' या तळलेल्या गोड गोळ्याच्या नावावर ओसाका आणि चियो यांनी केलेला नुसत्या उच्चाराचा खेळही आहे, आणि कितीतरी प्रेक्षकांना मालिकेतले तेवढेच दृश्य ठाऊक असते.

शेवटच्या वर्षी परीक्षा येतात. विनोद थांबत नाही, पण योमीला एकामागून एक नकार मिळतात तेव्हा तिला चिडवणारी तोमोसुद्धा सांभाळून बोलू लागते. चियो, सर्वांत लहान, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार असते. पदवीदान होते आणि मालिका संपते. लोकप्रियता शिखरावर असताना आझुमा यांनी मुलींना चौथे वर्ष दिले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

पुढच्या काळावर या मालिकेची छाप स्पष्ट दिसते. चार चौकटींच्या मांगाला वाहिलेली मासिके २००० नंतर वाढली, आणि त्यांतून किंवा त्यांच्या प्रभावातून 'लकी स्टार', 'हिदामारी स्केच', 'के-ऑन' अशा मालिका आल्या. मुलींचा लहानसा गट, ठळक कथानकाचा अभाव आणि शाळेचे ऋतुचक्र हे त्यांचे समान अंग आहे. 'के-ऑन'च्या दूरचित्रवाणी आवृत्तीत तर पदवीदानाची जाणीव आझुमांगापेक्षाही गडद आहे. सगळ्यांनी हीच वाट धरली असे मात्र नाही. केइइची आरावी यांची 'निचिजो' २००६ मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये क्योतो ॲनिमेशनने ती पडद्यावर आणली. शाळेचे मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात, या एका खुळ्या प्रसंगावर त्या स्टुडिओने एखाद्या युद्धपटाला शोभेल इतके रेखाटन ओतले. निशिकिओरी यांनी हालचाल काढून घेऊन विनोद साधला होता, 'निचिजो'ने अमाप हालचाल घालून साधला. वेळेचे काय करायचे या एकाच प्रश्नाची ही दोन परस्परविरुद्ध आणि सारखीच प्रामाणिक उत्तरे आहेत.

आझुमा यांनी २००३ मध्ये त्याच मासिकात 'योत्सुबातो' ही एका लहान मुलीची मालिका सुरू केली. तिच्यात त्यांनी चार चौकटींचा साचा सोडून मोकळी पाने घेतली, आणि इतकी लोकप्रिय असूनही तिचा ॲनिमे झालेला नाही. पडद्यासाठीचा तोडगा आझुमांगाच्या साच्यातूनच सापडला होता, हे यावरून ध्यानात येते. मराठी वाचकाला आझुमांगा इंग्रजी भाषांतरात वाचता येते आणि दूरचित्रवाणी मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहता येते. माध्यमांतर म्हणजे काय हे ज्यांना जवळून पाहायचे असेल त्यांनी दोन्ही एकदम सुरू करू नयेत. ओकिनावाच्या सहलीचे प्रकरण आधी पुस्तकात, आपल्या वेगाने वाचावे, एका चौकटीवर आपण किती थांबलो याकडे लक्ष ठेवावे, आणि त्यानंतरच पडद्यावरचा तोच भाग पाहावा.